अंटार्क्टिकाच्या चार अर्जांची चौकशी

पोलीस खात्यातला निवृत्त माणूस लिहायला बसला की संपादकांना खून हवा असतो. मलाही पत्रात ‘एखादा थरारक तपास’ असंच सुचवलं होतं. मी कळवलं की माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं सायकलवर गेली आणि त्या सायकलला लटकवलेल्या पिशवीत पासपोर्टचे अर्ज असायचे. चोर मी थोडेच पकडले. माणसं मात्र पुष्कळ तपासली, आणि त्यातली बहुतेक सरळ निघाली. त्यातल्या एका घराचं काय झालं ते सांगायचंय. ते मीच सांगायला हवं, कारण ज्यांचं घर आहे ते सांगणार नाहीत.

मी मूळचा चऱ्होलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. बासष्ट साली खात्यात लागलो तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ज्वारी होती आणि मध्येच एखाद्या कंपनीचं फाटक. बघता बघता फाटकं वाढली, ज्वारी मागं सरकली. बऱ्याच कंपन्यांत परदेशी भागीदार, त्यामुळे इथले फिटर, इंजिनिअर शिकायला जर्मनीला, इंग्लंडला जाऊ लागले. पुढं आखाताची लाट आली. जाणाऱ्या प्रत्येकाला पासपोर्ट लागे. अर्ज मुंबईला जाई, तिथून फिरत फिरत खाली येई आणि शेवटी एका हवालदाराच्या हातात पडे. चिंचवड, निगडी आणि वर चाकणपर्यंतच्या पट्ट्यात तो हवालदार मी.

काम सांगायला सोपं. अर्जातला माणूस त्या पत्त्यावर खरंच राहतो का, त्याच्यावर गुन्हा आहे का, देशाला त्याच्यापासून काही धोका आहे का, एवढं बघायचं आणि खाली शेरा मारायचा: ‘प्रतिकूल काही नाही.’ या तीन शब्दांवर माणूस विमानात बसायचा. हे शब्द लिहायला मी कधी घाई केली नाही, याचा मला फार दिवस अभिमान होता.

काही खुब्या मी स्वतःच शोधल्या होत्या. घरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजायच्या. भिंतीवरची दिनदर्शिका चालू महिन्यावर आहे का बघायचं. तीन महिन्यांपूर्वीचं पान लटकत असेल तर तिथं कुणी राहत नाही. शेजाऱ्याला ‘हा माणूस कसा आहे’ असं कधी विचारायचं नाही, तो चांगलाच म्हणतो. ‘गेला का हो तो?’ असं विचारायचं. शेजारी ‘कुठं?’ म्हणतो आणि मग आपणहून सगळं बोलून टाकतो.

चाकणजवळच्या एका वाडीत मी एका तरुणाची चौकशी करत होतो. सहा घरं फिरलो. सहाही घरांनी सांगितलं, पोरगा निर्व्यसनी आहे आणि मनमिळाऊ आहे. आमच्याकडं ‘मनमिळाऊ’ हा शब्द कुणी बोलत नाही. मी मागं फिरलो आणि पहिल्या घरच्या म्हातारीला विचारलं, “मनमिळाऊ म्हंजी काय वं आजी?”

“मला काय म्हाईत,” ती म्हणाली. “त्यानं म्हणाया सांगितलंय.”

तो गडी थोरल्या भावाच्या नावावर अर्ज करून बसला होता. अशा दोन-चार गोष्टी झाल्या आणि ‘तापकीरचं नाक’ असं साहेब कौतुकानं म्हणू लागले. नाकाचं कौतुक झालं की माणूस ते सगळीकडं खुपसायला लागतो.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. गणपती नुकतेच गेले होते. एकाच घरातले चार अर्ज एकदम आले. दामोदर ओव्हाळ, वय बेचाळीस, एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर. बायको शालन. मुलगी संघमित्रा, वय तेरा. आई गयाबाई, वय अंदाजे पासष्ट. पत्ता निगडीच्या प्राधिकरणातला. कुठल्या देशांना जायचं ते तेव्हा अर्जात लिहावं लागे. तिथं लिहिलं होतं: अर्जेंटिना, चिली, अंटार्क्टिका. प्रवासाचं कारण: कुटुंबासह बोटीनं दक्षिण ध्रुवाकडची सफर.

मी तो कागद तीनदा वाचला. आमच्या ओळखीतली माणसं आईला फार तर काशीला नेत. एक फिटर आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन बर्फात कशाला जाईल?

पहिल्या खेपेला गेलो तेव्हा ओव्हाळ घरीच होते, पहिली शिफ्ट करून आलेले. दोन खोल्यांचं नवं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात शिवणयंत्र. चपला चारच. दिनदर्शिका बरोबर. मी खुर्चीत बसलो आणि विचारलं, “ध्रुवावर काय काम आहे तुझं?”

ते उभेच होते. “काम काही नाही, हवालदारसाहेब. बघायला चाललोय.”

“पैसा कुणाचा?”

“तिकिटं हालसाहेबांनी पाठवलीत.”

हालसाहेब म्हणजे हालवोर्सन नावाचे नॉर्वेचे इंजिनिअर. पंधराएक वर्षांपूर्वी ते कंपनीत कॉम्प्रेसर बसवायला आले होते आणि ओव्हाळ त्यांच्या हाताखाली होते. साहेबाला कावीळ झाली, कंपनीच्या बंगल्यावरचा आचारी भिऊन पळाला. ओव्हाळ त्यांना सरळ आपल्या तेव्हाच्या पिंपरीतल्या खोलीवर घेऊन आले. साहेब तिथं चाळीस दिवस खाटेवर होते. आता ते एका बोटीवर मुख्य इंजिनिअर होते. ती बोट हौशी प्रवाशांना दक्षिणेच्या बर्फात नेऊन आणायची. अधिकाऱ्यांना वर्षातून एका सफरीला आपल्या घरच्या माणसांसाठी केबिन मिळे. हालसाहेबांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, माझ्या घरची माणसं म्हणजे तुम्हीच, जानेवारीत बोट सुटते, सगळे या.

स्वयंपाकघराच्या दारातून गयाबाई म्हणाल्या, “चाळीस दिस पेज पाजलीया म्या त्याला. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग वाटी चाटून देऊ लागला. त्यो म्हनला व्हता, आई, तुला बरफाचा डोंगर दाखवीन. आमी हसलो व्हतो.”

साहेबाचं पत्र मी हातात घेतलं. इंग्रजी होतं, मला जेमतेम लागलं. शिक्का खरा वाटला. तरी पेजेच्या वाटीबद्दल कुणी चार माणसांना जगाच्या टोकाला नेतं, हे माझ्या गळी उतरेना. शेरा न मारता मी उठलो.

चार-पाच दिवसांनी मी मुद्दाम दुपारी गेलो. ओव्हाळ कामावर होते, गयाबाई पडल्या होत्या, शालनबाई नळावर. मुलगी एकटीच अभ्यास करत होती. मी गोड आवाजात विचारलं, “काय गं, तुम्ही जाणार ते नेमकं कुठं?”

कुणीतरी विचारावं म्हणून ती जणू थांबलेलीच होती. ट्रंकेतून एक जाड वही काढून तिनं माझ्यासमोर उघडली. साहेब आजारी असताना संध्याकाळी तिच्या वडिलांना ध्रुवाच्या मोहिमांच्या हकिकती सांगत, आणि वडील त्या वहीत उतरून घेत. सगळ्या हकिकती तिला तोंडपाठ होत्या. मी ऐकत नव्हतो. माझी नजर एका पानावर खिळली होती. हातानं काढलेला नकाशा, त्यावर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा, आणि शेजारी नीटनेटक्या अक्षरात: डेपो पहिला. डेपो दुसरा. एक टनाचा डेपो, इंधन, अंतर अकरा मैल.

निगडीच्या पुढं देहूरोड. तिथं लष्कराचे डेपो. अलीकडं खडकी, तिथंही लष्कराचंच. लोहमार्गानं खडकी ते देहूरोड साधारण अकराच मैल भरतं. परदेशी साहेब, फुकटची तिकिटं, टूलरूममधला हुशार माणूस आणि डेपोंचा नकाशा.

“ही वही ऑफिसात दाखवून आणतो,” मी म्हणालो.

“परत द्याल ना?” तिनं विचारलं.

“देईन की.”

लेखी पावती न देता, तेरा वर्षांच्या पोरीकडून मी ती वही घेतली. खरं तर चौकीतल्या आमच्या साहेबांकडं जाऊन सगळं सांगायचं, हा नियम. तो मी पाळला नाही. साहेबांना कळलं असतं तर प्रकरण वरच्या शाखेकडं गेलं असतं आणि नाव दुसऱ्या कुणाचं झालं असतं. हेर मला स्वतः पकडायचा होता. चारही अर्ज मी माझ्या टेबलाच्या खणात घातले आणि नोंदवहीत ‘चौकशी चालू’ असं लिहिलं.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. मी ओव्हाळांच्या मागावर राहिलो. चिंचवड स्टेशनवर ते कोणत्या गाडीत चढतात ते बघितलं. पोस्टमनला गाठून त्यांची पत्रं कुठून येतात ते विचारलं. एका रविवारी ते मुलीला घेऊन देहूरोडला उतरले तेव्हा मीही मागोमाग उतरलो. ते तिथल्या बुद्धविहारात गेले, दीड तासानं बाहेर आले आणि मुलीला पेरू घेऊन दिले. मी समजूत काढली की हेर सावध झालाय.

मग मी त्यांच्या कंपनीत गेलो. गेटवरच्या सुरक्षा अधिकाऱ्याला म्हणालो, “नुसती माहिती हवी. हा ओव्हाळ परदेशी लोकांच्या फार संपर्कात असतो का?” मला वाटलं, आपण सांभाळून बोललो. पण पोलीस कुणाचं नाव घेऊन गेला की त्या नावाला चिकटतं ते धुऊन निघत नाही. आठवड्यात ओव्हाळांना टूलरूममधून काढून आवारातल्या भंगाराच्या मोजणीवर टाकलं. सहकारी त्यांना ‘काय राव, रेडिओवर काय बातमी पाठवली आज’ असं विचारू लागले. शेजारच्या बाया शालनबाईंशी नळावर बोलेनाशा झाल्या. हे सगळं मला तेव्हाच कळत होतं, कारण माहिती काढणं हाच माझा धंदा. लोक टाळतायत त्या अर्थी काहीतरी असणार, असा मी उलटा हिशेब मांडत होतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला ओव्हाळ चौकीवर आले. इस्त्रीचा सदरा, हातात काही नाही.

“अर्जाचं विचारायला आलास?” मी म्हणालो.

“अर्जाचं तुमच्या हातात आहे. मी वहीचं विचारायला आलो.”

“वहीत काय एवढं?”

“माझं अक्षर आहे त्यात, आणि साहेबांचा काळ आहे,” ते म्हणाले. “वाचली का तुम्ही?”

“तपास चालू आहे.”

“वाचा,” ते म्हणाले. “मराठीतच आहे.” आणि नमस्कार करून गेले.

ते मला लागलं. खरंच, मी त्या वहीचं एक पान सोडून काही वाचलं नव्हतं. तरी वाचायला बसलो तो गुन्हा शोधायलाच. मध्ये मध्ये इंग्रजी शब्द होते, अक्षांश होते, ते कळेनात, म्हणून वही घेऊन चिंचवड गावठाणात जोग सरांकडं गेलो. सर भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. मी सगळं सांगितलं, डेपोही सांगितले. सरांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मध्ये एकदा चहा आला तो गार झाला. दीड तास ते वाचतच होते.

शेवटी म्हणाले, “तापकीर, हा एक टनाचा डेपो कुठं आहे ठाऊक आहे? दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर. ऐंशी अंशांच्या थोडा अलीकडं.”

मग त्यांनी वहीतलंच मला मोठ्यानं वाचून दाखवलं. ओव्हाळांनी साधं, कामगाराच्या डोक्यानं लिहिलं होतं. दोन तुकड्या ध्रुवाकडं निघाल्या, एक नॉर्वेची आणि एक इंग्रजांची. नॉर्वेवाले कुत्र्यांच्या गाड्या घेऊन गेले, इंग्रज तट्टं आणि माणसांचे खांदे. परतीच्या वाटेसाठी बर्फात ठिकठिकाणी अन्न आणि रॉकेल पुरून ठेवायचं, त्या ठिकाणाला डेपो म्हणायचं. इंग्रजांचा मोठा डेपो ठरल्या जागेपर्यंत नेता आला नाही, तट्टं थकली म्हणून तीसेक मैल अलीकडंच ठेवला. नॉर्वेवाले ध्रुवावर आधी पोचले आणि सुखरूप परतले. इंग्रज नंतर पोचले आणि परतताना, त्या डेपोपासून अकरा मैलांवर, तंबूत मेले.

खाली ओव्हाळांनी फिटरची टीप लिहिली होती: इंग्रजांच्या रॉकेलच्या डब्यांना कातडी वायसर होते. थंडीत कातडं आखडतं, फट पडते, रॉकेल उडून जातं. डब्याला हात न लावता डबा रिकामा होतो. नॉर्वेवाल्यांनी डबे कथिलाचा डाग देऊन बंद केले होते. साहेब म्हणतात, माणूस मोठ्या चुकीनं मरत नाही, वायसरनं मरतो.

पुढच्या पानांवर बर्फात चिरडलेल्या एका बोटीची हकिकत होती. तिचा कप्तान उघड्या होडीतून समुद्र ओलांडून मदत आणायला गेला आणि मागं ठेवलेला एकूण एक माणूस त्यानं जिवंत परत आणला. मग हालसाहेबांच्या वडिलांचं. ते तिथल्याच एका बेटावर, देवमाशाची चरबी उकळायच्या कारखान्यात, बॉयलरवर कामाला होते. नकाशावरच्या तांबड्या खुणांपैकी एक त्या बेटाची होती. जोग सर म्हणाले, “हा ओव्हाळ बर्फाचे डोंगर बघायला चाललाय, असं मला वाटत नाही. त्याला तो बॉयलर बघायचा असणार.”

वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. “बोट कधी आहे यांची?”

“जानेवारीत.”

“आज तारीख काय?” सरांनी विचारलं. मी वही पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही अर्जांवर मी शेरा मारला. प्रतिकूल काही नाही. पोचवायला स्वतः गेलो. पण कागद वर जातो तेव्हा त्याच्या गतीनं जातो. वाटेत नाताळ आला, सुट्ट्या आल्या. चार पासपोर्ट निगडीला पोचले तेव्हा बोट सुटून आठवडा झाला होता.

वही परत करायला मी गेलो तेव्हा घरात चौघंही होती. मुलीनं वही घेतली, पानं मोजली आणि आत गेली. मला कुणी बसा म्हणालं नाही. मीच म्हणालो, “ओव्हाळ, तुमचा फार तोटा झाला माझ्यामुळं.”

‘तुमचा’ हा शब्द माझ्या तोंडून त्या घरात पहिल्यांदाच निघत होता. त्यांनी तो ऐकला असावा.

“तुम्ही तुमचं काम केलं,” ते म्हणाले. “एक विचारू का? मागच्या गल्लीतले कुलकर्णी इंजिनिअर जर्मनीला गेले, त्यांची चौकशी तुमच्याकडंच होती ना?”

“हो.”

“त्यांच्याकडं किती वेळा गेला होतात?”

एकदाच गेलो होतो. व्हरांड्यात बसलो, पोहे खाल्ले, दहा मिनिटांत सही केली. चपला मोजल्या नव्हत्या. आणि त्यांना मी ‘आपण’ म्हणालो होतो. हे मी ओव्हाळांना सांगितलं नाही, पण त्यांना ते माहीत असल्याशिवाय त्यांनी विचारलं नसतं. नाकाच्या जोरावर मी आयुष्यभर माणसं ओळखली असं समजत होतो. कुठल्या घरापाशी ते नाक फेंदारायचं आणि कुठल्या घरापाशी झाकून ठेवायचं, हे मला कुणी शिकवलं होतं, त्याचा विचार मी त्या दिवशी सायकल हातात धरून, चालत घरी जाताना पहिल्यांदा केला. आमच्या गावात ओव्हाळांसारख्यांची वस्ती कुठल्या टोकाला होती आणि आमच्या घरातून तिकडच्या माणसांशी कसं बोललं जायचं, ते सगळं आठवलं.

एक काम मात्र मी केलं. कंपनीत जाऊन सुरक्षा अधिकाऱ्याला सांगितलं की चूक माझी होती, आणि तसं लिहूनही दिलं. आमच्या साहेबांनी मला बोलावून झापलं, वर्षभर पासपोर्टचं काम काढून घेतलं. ओव्हाळ उन्हाळ्याच्या सुमाराला टूलरूममध्ये परत गेले. नळावरच्या बाया कधी बोलायला लागल्या ते मला माहीत नाही.

हालसाहेबांनी पुढच्या हिवाळ्यासाठी पुन्हा पत्र पाठवलं. पासपोर्ट तयारच होते. पण त्या वर्षीच्या मे महिन्यात गयाबाई नळापाशी घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. काठी घेऊन घरातल्या घरात फिरण्यापलीकडं त्यांना जमेना. मुलगा म्हणाला, मग कुणीच जायला नको. त्यांनी ऐकलं नाही. हे मला जोग सरांनी सांगितलं. त्यांची आणि ओव्हाळांची तोवर मैत्री झाली होती. गयाबाई म्हणाल्या होत्या, “त्यो वाट बघत आसंल. माज्यासाठनं त्याला दुसऱ्यांदा फसवू नगा. मी बहिणीकडं ऱ्हाते.”

तिघं गेली आणि दीड महिन्यानं परत आली. चिंचवडच्या वाचनालयात सरांनी ओव्हाळांचं भाषण ठेवलं. शंभरेक माणसं आली होती, निम्मी कंपनीतली. मी मागच्या भिंतीला लागून शेवटच्या रांगेत बसलो, साध्या कपड्यांत. पहिल्या रांगेत शालनबाई, संघमित्रा, आणि काठी मांडीवर आडवी धरून गयाबाई.

ओव्हाळ हळू बोलत होते, पण शंभर माणसांत कुणी खोकलं नाही. बोटीवर बहुतेक म्हातारे, श्रीमंत गोरे. पहिले दोन दिवस समुद्र असा की मुलगी आणि बायको खाटेला पट्टे बांधून पडलेल्या. तिसऱ्या दिवशी पहिला बर्फाचा डोंगर दिसला. शालनबाई म्हणाल्या, नीळ जास्त पडलेल्या धुण्यासारखा दिसतोय. पेंग्विन दिसायला गोजिरवाणे, पण त्यांच्या वस्तीला सुकटीच्या बाजारासारखा वास. रोज संध्याकाळी एक विद्वान बोटीवर मोहिमांचा इतिहास सांगत. इंग्रजांच्या डेपोत रॉकेल कमी का निघालं, हे ते सांगायला लागले तेव्हा ओव्हाळांनी हात वर केला आणि कागदावर वायसर काढून दाखवला. विद्वानांनी तो कागद मागून घेतला.

मग ते बेट. आत शिरायची वाट इतकी चिंचोळी की बाहेरून नुसता कडा दिसतो, म्हणून त्याचं नावच फसवणुकीचं. आत ज्वालामुखीचं गोल खोरं, पाणी शांत, किनाऱ्याची काळी वाळू पायाला गरम लागते आणि वाफा निघतात. गंजलेल्या टाक्या, आणि ओळीनं उभे बॉयलर. हालसाहेब एकापुढं थांबले, हातमोजा काढला आणि पत्र्यावर तळहात ठेवला. “मी म्हणालो, साहेब, यावर तुमचे वडील होते का? ते म्हणाले, यावर की शेजारच्यावर, मला माहीत नाही. मग आम्ही दोघांनी सगळ्यांना हात लावला. एकही सोडला नाही.” इथं ओव्हाळ पाणी प्याले.

प्रश्न सुरू झाले. थंडी किती, खायला काय, रात्र होते की नाही. मग कंपनीतला एक जण उठला. “ओव्हाळ, बोलावणं तर आदल्या वर्षीही होतं ना? तेव्हा आजी ठणठणीत होत्या. त्याच वर्षी का नाही गेलात?”

सभागृहातल्या निम्म्या लोकांना काहीतरी कानावर आलेलं होतं, नक्की काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. ओव्हाळांची नजर रांगांवरून मागं आली आणि माझ्यावर थांबली. त्यांनी मला आधीच पाहिलं असावं. माझी मान आपोआप खाली गेली.

“आदल्या वर्षी बोटीचंच लांबलं,” ते म्हणाले. “यंत्रात काही बिघाड होता.”

विचारणाऱ्याचं समाधान झालं नाही. तो गयाबाईंकडं वळला. “व्हय का, आजी?”

गयाबाई काठीवर भार देऊन अर्धवट वळल्या. इतक्या लांबून त्यांना मी दिसलो की नाही, कळायला मार्ग नाही. पण त्यांनी नेमकं माझ्याच बाजूला बघितलं आणि पदर सारखा करून म्हणाल्या, “व्हय. बोटीचंच कायतरी झालं व्हतं.”

मी तेव्हाच उठून खरं सांगायला हवं होतं. शंभर माणसं होती, त्यांतली निम्मी ओव्हाळांना हेर म्हणणारी. तोंड उघडण्यापुरतंच धैर्य लागत होतं, तेही मला झालं नाही. टाळ्या पडल्या, माणसं पुढं सरकली, आणि त्या गर्दीतून मी बाहेर पडलो. गयाबाई पुढच्याच वर्षी गेल्या. ओव्हाळ अजून निगडीलाच असतात. रस्त्यात भेटले तर नमस्कार करतात, आणि त्यांनी ती गोष्ट कुणालाही वेगळी सांगितलेली नाही.

म्हणून मी लिहितोय. हा अंक चिंचवडच्या वाचनालयातही जातो, आणि त्या सभेला आलेली काही माणसं अजून तिथं वाचायला बसतात. बोट वेळेवर सुटली होती. तिच्या यंत्रात कसलाही बिघाड नव्हता. उशीर माझ्या टेबलाच्या खणात झाला होता.